गाडी थांबत का नाही?

दुपारचं आवरून झालं असेल, नसेल तर हातातलं काम करता करता ऐका. आज आम्ही हप्त्याबद्दल, व्याजाबद्दल किंवा बँकेच्या कागदांबद्दल काही सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते खेळण्यातल्या आगगाडीबद्दल. हसू आलं असेल तर हसून घ्या. गटाच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा आम्हीही हसलोच होतो. त्या हसण्यानं आमच्या गटाची पेटी पंधरा दिवस बंद राहिली. ते कसं, ते पुढं येईल.

आमचं गाव बार्शी आणि कुर्डुवाडीच्या मधल्या पट्ट्यात. आमच्यापैकी बहुतेकजणी लग्न होऊन आलो तेव्हा इथं छोटी गाडी होती, तिला सगळे ‘बार्शी लाईट’ म्हणत. आता मोठी लाईन आहे, गाड्या धाडधाड निघून जातात. छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली आणि २००८ च्या सुमारास आमच्या बाजूचे छोटे रूळ जाऊन मोठे आले. आमच्यातल्या कुणी त्या गाडीतून माहेरी गेलंय, कुणी बाळंतपणाला. एकजण सांगतात, की डब्यात बसून अर्धी पाटी शेंगा फोडून व्हायच्या.

तर झालं असं. गेल्या वर्षीच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही चटण्या आणि कडक भाकरी घेऊन पुण्याला प्रदर्शनात स्टॉल लावायला गेलो होतो. खजिनदारबाईंचा तेरा वर्षांचा मुलगा मदतीला आला होता. त्याला कर्वे रस्त्यावरचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघायचं होतं. बी. एस. जोशी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं केलं आणि १९९८ पासून ते लोकांसाठी उघडं आहे. आम्ही चौघी पाय मोडून आलो होतो. म्हटलं, बसायला तरी मिळेल, चला.

मैत्रिणींनो, आत एक अख्खं शहर आहे. रस्ते, दिवे, सिग्नल, डोंगर, आणि त्यातून आगगाड्या फिरतात. वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, वेगवान गाडी आहे, वरच्या पट्टीला लटकून जाणारीसुद्धा आहे. दिवे मालवून रात्र करतात, तेव्हा खिडक्याखिडक्यांतून उजेड लागतो. आम्ही चौघी लेकरासारख्या बघत राहिलो. बाहेर आल्यावर खजिनदारबाई म्हणाल्या, “पण या सगळ्या गाड्या एका गावात कशा असतील?” आम्ही म्हटलं, “अहो, नसतील. बघायला बरं वाटलं की नाही?” त्या म्हणाल्या, “बरं वाटलं. पण नसतील.”

आमच्या गटाचं भांडण खरं तर त्या दिवशी, त्या पायरीवरच सुरू झालं. तेव्हा कळलं नाही एवढंच.

आमच्याकडे भाद्रपदात लक्ष्म्या बसतात. तुमच्याकडे गौरी म्हणत असतील. दरवर्षी प्रत्येकीच्या घरी वेगळी आरास असते. गेल्या साली आम्ही ठरवलं, की गटाच्या अध्यक्षबाईंच्या सोप्यात सगळ्या मिळून एक मोठा देखावा करायचा आणि हळदीकुंकवाला सगळ्या गावाला बोलवायचं. विषय एकमतानं ठरला, बार्शी लाईट. गटाच्या पैशाला हात लावायचा नाही हेही ठरलं. अकरा जणींनी प्रत्येकी दीडशे काढले. आठ बाय चार फुटांची प्लायवूडची फळी अध्यक्षबाईंच्या मुलाकडून उसनी आली. बाजारातून बॅटरीवर चालणारी रुळांसकट गाडी आणली. थर्माकोलला बंदी आहेच, तेव्हा डोंगर कागदाच्या लगद्याचे आणि घरं पुठ्ठ्याची करायची होती.

आता खजिनदारबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. गटात एक रुपया जुळला नाही तर त्या जेवत नाहीत. वही अशी ठेवतात, की बँकेचे साहेब दुसऱ्या गटांना नेऊन दाखवतात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पट्टी काढली. आमच्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर भरलं तीन सेंटिमीटर. खऱ्या बार्शी लाईटचं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागाकार केला तर आमची गाडी खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याची झाली. आणि मग त्या हिशेबानं पुढचं सगळं निघालं. माणूस साडेसहा सेंटिमीटरचा पाहिजे. डबा दीड फुटाच्या वर पाहिजे, आणि आमच्या गाडीचा डबा होता वीतभर. कुर्डुवाडी ते बार्शी सुमारे पस्तीस किलोमीटर, त्याचा पंचविसावा हिस्सा चौदाशे मीटर. म्हणजे अध्यक्षबाईंच्या सोप्यातून निघालेली गाडी वेस ओलांडून, ओढा ओलांडून कुणाच्या तरी तुरीत जाऊन थांबली असती.

इथपर्यंत सगळ्यांना गंमत वाटत होती. खजिनदारबाईंनाही. त्या म्हणाल्या, लांबीचं सोडून देऊ, ते कुणालाच जमायचं नाही. पण इंजिन बरोबर पाहिजे. दुकानातून आणलेल्या इंजिनाला लाल-पिवळा रंग, पुढे दात काढलेली जाळी आणि खाली दोन्हीकडे मिळून चार चाकं. बाईंचं म्हणणं, आमच्या गाडीला मधली मोठी चाकंच आठ होती, चार या बाजूला, चार त्या बाजूला. आणि ती सगळी एका दांड्यानं जोडलेली.

हा हट्ट नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ही लाईन ज्यांनी बांधली ते एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचे इंग्रज इंजिनिअर. (हेच साहेब पुढे विमानातून उडी मारायच्या छत्र्या करायला लागले. माणसं काय काय करतात.) त्यांनी नियम घातला होता, की गाडीच्या कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. म्हणजे हलके रूळ पुरतात, खर्च कमी येतो. पण इंजिन जड, मग त्याचं वजन वाटून द्यायला चाकंच जास्त लावावी लागली. एकीवर बोजा नको म्हणून अकरा जणींनी मिळून जामीन राहायचं, तसंच हे. पहिली इंजिनं विलायतेत लीड्स गावात तयार झाली आणि तिथंच रूळ टाकून चालवून बघून मग इकडं आणली. तर ती आठ चाकं शोभेची नव्हती. त्या चाकांवरच ही लाईन स्वस्तात उभी राहिली होती.

बाईंनी आणि मुलानं औषधाच्या बाटल्यांची बुचं गोळा केली, तारेचा दांडा केला आणि आठ चाकांचं इंजिन तयार केलं. दिसायला झकास. सरळ रुळावर हातानं ढकललं, चाललं. वळणावर गेलं आणि उलटलं. परत ठेवलं, परत उलटलं. आमच्या फळीवरचं वळण जेमतेम अर्ध्या मीटरच्या त्रिज्येचं. पंचवीसनं गुणलं तर साडेबारा मीटर. एवढ्या आखूड वळणात खरं इंजिनसुद्धा कुणी वळवलं नसतं. म्हणजे गाडी जितकी खरी केली तितकी ती आमच्या खोट्या वळणावरून पडायला लागली.

दुसऱ्या बैठकीला हे सगळं टेबलावर आलं. आमच्यातल्या अर्ध्याजणी म्हणायला लागल्या, दुकानातलंच इंजिन ठेवा, त्याला काळा रंग मारा, पोरं खूश होतील, मोकळ्या होऊ. बाई म्हणाल्या, “मग बार्शी लाईट म्हणू नका. नुसती गाडी म्हणा.” त्यावर एकीच्या तोंडून निघून गेलं, “ताई, लक्ष्म्या काय गाडीची चाकं मोजायला येणार आहेत का?”

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. खजिनदारबाईंनी वही मिटली, चप्पल घातली आणि गेल्या.

ज्यांचे गट आहेत त्यांना माहीत आहे, पेटीला तीन कुलपं आणि तीन चाव्या तिघींकडे असतात. एक चावी बाईंबरोबर गेली. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत, निरोप पाठवला तर “बरं वाटत नाही” असं उत्तर आलं. त्या आठवड्यात आमच्या एका मैत्रिणीला मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी पाच हजार हवे होते. अर्ज मंजूर झालेला, पेटीत पैसे पडलेले आणि कुलूप निघेना. तिनं शेवटी गावातल्या माणसाकडून शेकडा पाचनं उचलले. ज्या गोष्टीसाठी गट काढला तीच गोष्ट आम्ही एका खेळण्यातल्या गाडीपायी घालवली. हे रेडिओवर सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगतोय.

मग आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. चावी मागायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोला.

खजिनदारबाईंचे सासरे, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, ते रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीतला रूळ चालत जायचा आणि ढिली झालेली प्रत्येक चावी ठोकून घट्ट करायची. पावसात, उन्हात, सणावारी. छोट्या लाईनवर त्यांची सगळी नोकरी झाली. आता ऐंशीच्या घरात आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि सासूबाई गेल्यापासून बोलणंच बंद झालं होतं. भाकर वाढली की खायची आणि बाजेवर बसून राहायचं.

बाईंनी आम्हाला चहा दिला आणि चावी काढून हातावर ठेवली. काही बोलल्या नाहीत. वही मात्र तिथंच पडली होती, ती आम्ही उघडली. पुढं गटाचे हिशेब आणि मागच्या पानांवर, जमा-खर्चाच्याच रकान्यांत, दुसरंच काही लिहिलेलं होतं. डबा: सोळा पावलं. इंजिनाची मोठी चाकं: एका बाजूला चार. ठेसनात शिरताना शिट्टी: लांब एक. पाण्याची टाकी: विहिरीकडच्या अंगाला. फाटकाजवळ लिंब, त्याखाली दगड, त्यावर दुपारची भाकर. असं पाच पानं.

“हे कुणी सांगितलं?” आम्ही विचारलं.

“अण्णांनी,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत एवढं बोलले नव्हते. एक चूक असलं की दुरुस्त करायला तरी बोलत्यात.”

आता कळलं ना, पट्टी कशासाठी होती?

या छंदाबद्दल आम्हाला नंतर बरंच कळलं. आमच्यातल्या एकीचा भाऊ पुण्यात असतो, त्याला हा नाद आहे. नाद म्हणजे कसा, की बाहेरून मागवलेल्या एका इंजिनाच्या पैशात इकडं एक शेळी येते. त्याला फोनवर विचारलं, की बाबा, तुमच्यात असली भांडणं होतात का? तो म्हणाला, “ताई, शंभर वर्षं तीच चालली आहेत.”

त्यानं सांगितलेली एक गोष्ट फार मजेची आहे. जगात सगळ्यात जास्त चालणारं जे माप आहे, त्यात गाडी खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. ते बरोबर जुळतं. पण इंग्लंडमधली खरी इंजिनंच अंगानं बारीक. त्यांची सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची प्रतिकृती केली तर त्या काळच्या मोटारी आत मावेनात. मग त्यांनी काय केलं? वरचं अंग थोडं मोठं केलं, शहात्तराव्या हिश्श्याचं, आणि खालचे रूळ तेच ठेवले. म्हणजे शरीर मोठं, पाय जवळजवळ. खऱ्या हिशेबानं पाहिलं तर इंग्लंडचे रूळ सात इंचांनी अरुंद झाले. तेव्हापासून आजपर्यंत हजारो माणसं त्याच चुकीच्या रुळांवर गाड्या चालवून सुखात आहेत. आणि काही माणसांना ते सहनच होत नाही. ते १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हातानं बसवतात. साडेअठरा नाही, एकोणीस नाही, १८.८३. आमच्या खजिनदारबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं.”

दुसऱ्या टोकाला अमेरिकेत जॉन ॲलन म्हणून एकजण होऊन गेला, १९७३ मध्ये वारला. त्यानं घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले होते. प्रत्येक फळी जुनी दिसावी, प्रत्येक डब्यावर धूळ दिसावी म्हणून जीव टाकायचा. आणि त्याच्या यार्डात डबे इकडून तिकडे ओढायला इंजिनाच्या जागी एक डायनासोर होता. इतकी खरी दुनिया केली आणि त्यात मुद्दाम डायनासोर आणून सोडला. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात २००१ मध्ये सुरू झालेलं मोठं रेल्वे-प्रदर्शन आहे, त्यातही क्नुफिंगन नावाचं एक गाव आहे जे कुठल्याच नकाशात नाही. म्हणजे जे जगात नाव काढतात त्यांनासुद्धा काही खरं लागतं आणि काही मनाचं लागतं.

भावानं अजून एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. आठ चाकांचं इंजिन आखूड वळणावर उलटतं, ही अडचण मोठमोठ्या खेळणीवाल्यांनाही येते. ते मधल्या चाकांची आतली कड काढून टाकतात. चाक दिसतं, पण रुळाला धरत नाही. लांबून कुणाला कळत नाही.

हे ऐकलं आणि बाईंचा मुलगा उड्या मारायला लागला. दुकानातल्या इंजिनाचे चार पाय तसेच खाली ठेवायचे, ते चालतील. वरून आपलं काळं पुठ्ठ्याचं अंग टोपीसारखं बसवायचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ बुचं अशी चिकटवायची, की रुळापासून तिळाएवढी वर राहतील. बाईंनी पट्टी लावून तीळ मोजला. इंजिन वळणावरून गेलं. एकदा गेलं, दोनदा गेलं, तिसऱ्यांदा आम्ही टाळ्या वाजवल्या.

डब्यांचं मात्र बाईंना सोडावं लागलं. दीड फुटाचा डबा वळतच नव्हता. वीतभर डबा ठेवला आणि वहीत त्यांनी त्यापुढं लिहिलं, “तूट.” असा त्यांचा स्वभाव.

ज्या मैत्रिणीच्या तोंडून लक्ष्म्यांचं ते वाक्य निघालं होतं, तिनं काय केलं ते ऐका. तिनं पिठाचे वारकरी केले, रंगवले, हातात पताका दिल्या आणि डब्याच्या टपावर दाटीनं बसवले. आषाढीला छोट्या गाडीच्या टपावर माणसं बसलेली आमच्या सासवांनी पाहिली आहेत. बाई म्हणाल्या, “आषाढातले वारकरी भाद्रपदात?” ती म्हणाली, “ताई, गाडी लेट आहे.” बाईसुद्धा हसल्या. वारकरी राहिले.

आणि म्हैस. अध्यक्षबाईंच्या नातीनं आपली प्लास्टिकची म्हैस आणून फाटकाजवळ उभी केली. ती म्हैस डब्यापेक्षा मोठी होती. सगळ्यांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी म्हशीकडं पाहिलं, मग त्या पोरीकडं पाहिलं आणि लिंबाच्या झाडाची पानं चिकटवायला लागल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही.

लक्ष्म्या आल्या. मखरापुढं फळी, फळीवर गाडी गोल फिरतेय, मागं डोंगर, बाजूला विहीर, टाकी, फाटक, लिंब आणि त्याखाली दगड. जेवणाच्या दिवशी संध्याकाळी सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं फळीला नाक लावून उभी. बाया हळदीकुंकू विसरून “इथं आमचं माहेर” म्हणून पुठ्ठ्याच्या घरांवर बोट ठेवत होत्या.

तेवढ्यात बाई अण्णांना धरून घेऊन आल्या. आमच्या पोटात गोळा. सगळी तयारी ज्यांच्या शब्दांवर केली, तो माणूस आता काय म्हणतो? त्यांना खुर्ची दिली. त्यांना दिसत तर फारसं नव्हतंच. आम्ही गाडी थांबवून इंजिन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी एका बाजूची चाकं मोजली. एक, दोन, तीन, चार. मान हलवली. बाईंनी आमच्याकडं पाहिलं नाही, पण पदर नीट केला.

मग गाडी परत सोडली. अण्णा डोळे मिटून कान देऊन बसले. आमचे रूळ तुकड्यातुकड्यांचे, प्रत्येक सांध्यावर टक्-टक् वाजायचं. आम्हाला ती खोट वाटत होती, लपवायला म्हणून गाणीसुद्धा लावून ठेवली होती. अण्णा म्हणाले, “गाणं बंद करा.” बंद केलं. टक्-टक्, टक्-टक्. “सांधा बोलतोय,” ते म्हणाले. “बरोबर बोलतोय.”

गाडीनं पाच-सहा फेऱ्या मारल्या. आणि अण्णांनी एकदम विचारलं, “गाडी थांबत का नाही?”

सगळ्या गप्प झाल्या. “ठेसन आहे ना?” ते म्हणाले. “मग थांबत का नाही? माणसं चढणार कुठनं?”

मैत्रिणींनो, चाकं आम्ही मोजली होती, तीळ मोजला होता, टाकी विहिरीच्या अंगाला ठेवली होती. आणि गाडी स्टेशनावर थांबते, हे अकरा जणींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. खेळण्याची गाडी गोल फिरते, म्हणून आमचीही फिरत होती.

अडचण अशी, की गाडीचं बटण इंजिनाच्या डोक्यावर. आणि त्या डोक्यावर आम्ही बाईंचं हिशेबानं केलेलं पुठ्ठ्याचं अंग चिकटवून टाकलेलं. सकाळी सुरू करतानासुद्धा खालून चिमट्यानं कसरत करावी लागायची. थांबवायचं तर टपाला भोक पाडावं लागणार, आणि चांगलं बोट जाईल एवढं. वीस दिवस खपून केलेलं इंजिन. कुणाचा हात होईना. मुलगा म्हणाला, “आई, नको.”

बाईंनी पूजेच्या ताटाजवळची कात्री घेतली आणि इंजिनाचं टप कापलं. कापलं म्हणजे सरळसुद्धा नाही, घाईत वाकडंतिकडं.

त्यानंतर अध्यक्षबाईंच्या नातीचं बोट बटणावर. गाडी स्टेशनात आली की ती थांबवायची, सगळी पोरं ओरडायची “बार्शीऽऽ”, दहा आकडे मोजायचे, आणि अण्णा हात वर करून म्हणायचे, “सोड.” दर फेरीला. कुठलं पोर मध्येच चहावाला झालं, कुठलं शेंगावालं. एका म्हाताऱ्या मावशी गाडीत न बसताच उतरल्या आणि भांडायला लागल्या, की माझं गाठोडं डब्यात राहिलं. रात्री साडेदहाला आम्ही हात जोडले, आता लक्ष्म्यांना झोपू द्या.

तुमच्यातल्या कुणाला असा देखावा करायचा असेल तर आमचा अनुभव सांगतो. आधी घरातल्या, गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा आणि तो जे न विचारता सांगेल ते आधी लिहून घ्या. आम्ही चाकं विचारली म्हणून त्यांनी चाकं सांगितली. थांबण्याचं त्यांना सांगावंसं वाटलंच नसेल, इतकं ते उघड होतं. पुठ्ठ्याचं अंग चिकटवू नका, नुसतं अडकवा, बटण आणि बॅटरी हाताशी राहू द्या. आमचे सेल तीन दिवसांत चार वेळा बदलावे लागले. साठ रुपये उरले होते ते त्यातच गेले. आणि पेटीच्या चाव्यांबद्दल आम्ही आता ठराव केला आहे. भांडण झालं तरी चावी त्याच दिवशी दुसरीकडं सोपवायची. त्या मैत्रिणीचं शेकडा पाचचं कर्ज गटानं पुढच्या बैठकीत फेडून घेतलं, पण एका महिन्याचं व्याज तिला पडलंच. ते आम्ही सगळ्यांनी वाटून दिलं. ती घेत नव्हती.

फळी आता अध्यक्षबाईंच्या घरी कणगीमागं उभी करून ठेवली आहे. डोंगराला उंदरांनी एक बोगदा केलाय, तो तसाच ठेवायचा की बुजवायचा यावर मतं आहेत. बार्शीच्या बाजूला खरा बोगदा कुठं आहे, असं बाई विचारतात. इंजिनाच्या टपावरचं भोक त्यांनी अजून नीट केलेलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, “राहू द्या, लागतं.”

अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. पट्टी निघाल्यावर चार-आठ दिवसांनी ते काठी टेकत अध्यक्षबाईंकडं आले आणि फळी बाहेर काढायला लावली. बराच वेळ वाकून सगळं बघितलं. टाकी बघितली, लिंब बघितला, चाकं परत मोजली. मग फाटकाशी येऊन थांबले आणि बोट दाखवून म्हणाले, “ही एवढी म्हैस कुणाची?”